शेवाळी सर्जचा कोट

मार्गशीर्ष लागला की पुण्याहून नातीचे फोटो यायला लागतात. तिथं थंडीत गाण्याचा मोठा मेळा भरतो आणि ती न चुकता जाते. गाणार कोण हे मला नंतर कळतं. आधी पलंगावर पसरलेले कपडे येतात. ही साडी की तो कुर्ता, वर शाल की जाकीट, पायात काय. "आजी, दिसायला भारी पाहिजे आणि सहा तास खाली बसता पण आलं पाहिजे," असा तिचा हुकूम असतो. मी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करते आणि कळवते. सुती घे, गडद घे, फार नवं घेऊ नको. जाकिटाबद्दल मात्र काही बोलत नाही. आजीला जाकीट आवडत नाही, अशी तिची समजूत झाली आहे आणि मी ती तशीच राहू दिली आहे.

तशी या विषयातली मी जुनी जाणकार. आमच्या धाराशिवात, म्हणजे कागदावरच्या उस्मानाबादेत, गावाबाहेर एक मठ होता. तिथं मार्गशीर्षात तीन दिवस गाणं चालायचं. गाणारे सोलापूरहून येत, मिरजेहून येत, हैदराबादेहून तर हमखास येत. बैठका पहाटे आणि दुपारी व्हायच्या, कारण निम्मे ऐकणारे बेंबळीसारख्या गावांतून बैलगाड्या जुंपून आलेले असत आणि त्यांना दिवस मावळायच्या आत परतायचं असे. मठाच्या अंगणात मांडव, खाली लाल जाजम, डाव्या अंगाला बायका. मी पंधरा वर्षांची होते. निजामाचा मुलूख हिंदुस्थानात सामील होऊन पाच-सहा वर्षं झाली होती.

गाण्याला जाताना काय नेसायचं याचं शास्त्र आमच्या काकूनं केलेलं होतं. काकू तुळजापूरची. चुलते देवीचे पुजारी, त्यामुळं देवीच्या अंगावरून उतरलेली पातळं प्रसाद म्हणून तिच्या घरी येत. उत्सवाच्या आठ-दहा दिवस आधी ती मोटारीतून उतरायची ती पत्र्याची ट्रंक घेऊनच. मग आमच्या माजघरात ट्रंक उघडायची, आळीतल्या बायका गोळा व्हायच्या आणि काकू एकेकीला झापायची.

"खळ घालून कडक केलेलं नेसू नगंस. तिकडं गाणारा सूर लावायलाय आन् हिकडं तुझं पातळच बोलायलंय." पांढरं नको, जाजमाची धूळ लागते. जर नको, शेजारणीचा पदर अडकतो. काचेच्या बांगड्या कोपराकडं सारून वर रुमाल बांधायचा, म्हणजे दाद देताना हात हलला तरी आवाज होत नाही. आणि चपला जुन्यातल्या जुन्या. नव्या चपला घालून येणारा माणूस गाणं ऐकतच नाही, बाहेरच्या ढिगाऱ्याकडं कान लावून बसतो, असं तिचं मत होतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, बाई अक्षरशः निरक्षर होती, पण बैठकीत कपड्यानं कसं गप्प बसावं हे तिला जेवढं कळत होतं तेवढं नंतर मला कुणात दिसलं नाही.

त्या वर्षी प्रश्न माझाच होता. हैदराबादेहून एक गाणाऱ्या बाई यायच्या होत्या. त्यांच्यामागं दोन तंबोरे लागत. एक त्यांची शिष्या धरणार होती, दुसऱ्यासाठी गावातली मुलगी हवी होती. शाळेत गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी माझं नाव सांगितलं. बैठक तिसऱ्या दिवशीची, पहाटेची. मला महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं. आंघोळ करतानाही माझी बोटं हवेत तारा छेडत होती.

आईचं मात्र एकच म्हणणं. आदल्या हिवाळ्यात माझ्या छातीत कफ साठला होता आणि पंधरा दिवस मी उठले नव्हते. "मार्गशीर्षातल्या पहाटं उघड्यावर दोन तास बसणार? वर गरम काही असलं तरच जायाचं, न्हाई तर त्यांना म्हनावं दुसरी पोर बघा." शाल चालणार नव्हती. तंबोरा धरणाऱ्या हाताचं कोपर मोकळं लागतं आणि शाल सारखी घसरून तारांवर येते. स्वेटर गावात दोन-तीन घरांत होते आणि ते पुरुषांच्या मापाचे. राहता राहिला कोट, आणि कोट शिवायला कापड.

तेव्हा आईनं तिच्या ट्रंकेच्या तळातून ती शेरवानी काढली.

त्या शेरवानीबद्दल सांगायचं तर जरा मागं जावं लागेल, आणि खरं सांगते, तिथं जायला आजही पाय उचलत नाही. आमच्याकडं पोलीस ॲक्शन झाली त्या दिवसांबद्दल लोक नाव घेऊन बोलत नसत. नुसतं 'त्या साली' म्हणायचे. त्या सालाआधी रझाकारांच्या भीतीनं आम्ही दारं लावून बसलेले होतो. आई मला पोटाशी घेऊन कणगीमागं बसायची, ते मला आठवतं. आणि मग फौज आली, राज्य बदललं, आणि दारं लावून बसायची पाळी दुसऱ्यांवर आली. गावात काय काय झालं ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही. पण मुलांना वस्तू दिसतात. आमच्या आळीत दोन घरांत एकाएकी भिंतीवरची घड्याळं आली. एका घरात नक्षीचं पानदान आलं आणि त्या घरात कुणीही पान खात नव्हतं.

आमच्या घरात शेरवानी आली. बेंबळीचा मामा गाठोड्यात बांधून घेऊन आला होता. "बाजारात मिळाली, कुणी घिईना," एवढंच तो म्हणाला. गडद शेवाळी रंगाची सर्ज, म्हणजे जाड लोकरी कापड, आतून रेशमी अस्तर. पुढच्या बटणांच्या जागी नुसते दोऱ्याचे शेंडे उरले होते. बटणं कुणीतरी आधीच काढून घेतली होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती हातातसुद्धा घेतली नाही. ते शाळामास्तर, निजामाच्या वेळी त्यांना शेरवानी घालूनच शाळेत जावं लागे. कोपरांत विरलेली ती शेरवानी त्यांनी नव्या राज्यात घडी करून ठेवली आणि पांढरी टोपी घातली. रस्त्यावरून शेरवान्या तशा महिन्याभरात नाहीशा झाल्या. मामाची ही शेरवानी आईनं ट्रंकेच्या तळाशी टाकली. तिच्यावर पाच-सहा वर्षांत कुणी एक शब्द बोललं नाही, आणि कसर म्हणून तिला लागली नाही.

काकूनं ती उजेडात धरली, उलटीपालटी केली. "झकास कोट हुतोय पोरीचा. हिरव्या इरकलीवर शोभंल. पन ह्ये जाड कापड कुणीबी गाबाळ्यानं कापायचं काम न्हाई. हुसेनभाईकडं द्या."

सगळ्यांनाच ते पटलं. जाड कापडाला हात हुसेनभाईंचाच, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. गेली तीस वर्षं गावातली प्रत्येक चांगली शेरवानी त्यांनीच शिवलेली होती. एवढं माहीत असूनसुद्धा आमच्यातल्या एकालाही पुढचा विचार सुचला नाही. दिसतंय ते न दिसण्याची सवय झाली की माणूस असा वागतो. आम्ही ती शेरवानी नीट घडी करून, धुतलेल्या रुमालात बांधून, ज्यानं शिवली त्याच्याच दुकानात नेऊन दिली.

हुसेनभाई उंच, वाकलेले, दाढी मेंदीनं तांबूस झालेली. दुकान म्हणजे घराचाच पुढचा सोपा. मठातल्या तंबोऱ्यांच्या गवसण्या, म्हणजे वाद्यांवर घालायच्या कापडी खोळी, दर वर्षी तेच शिवून देत आणि उत्सवात मागं चपलांपाशी उभं राहून गाणं ऐकत. आईनं रुमाल सोडला. त्यांनी शेरवानी हातात घेतली, गळा आतून उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत नेला, खांद्यापासून काखेपर्यंत. मग दुसऱ्या खांद्यावरून.

"कुणाची म्हनायची, बाई?"

"घरातलीच," आई म्हणाली. "ह्यांची जुनी."

"घरातलीच," हुसेनभाई म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि टेप काढला. अण्णांची शेरवानी त्यांनीच शिवलेली होती, काळी, आणि अण्णा त्यांच्या खांद्याला लागत. ही शेरवानी उंच माणसाच्या मापाची होती. हे मला फार पुढं उमगलं. त्या वेळी मी फक्त आरशात बघत होते.

माप घेऊन झाल्यावर त्यांनी माझ्या हातात कापड मोजायचा लाकडी गज दिला. "बैस बेटी. तंबोरा धरून दाखीव." मी सतरंजीवर बसले, गज उभा धरला, बोटं चालवली. ते माझ्या उजव्या अंगाला येऊन कितीतरी वेळ बघत उभे राहिले. कोपर कुठं येतं, काखेत कापड कुठं ओढलं जाईल, मनगट कुठं वळतं. "बाही तारेला लागाय नको. आन् खांदा उचलाय नको. बराबर?" मी मान डोलावली. एवढ्या काळजीनं माझ्याकडं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बघत होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

चार दिवसांनी कच्ची शिलाई घालून बघायला मी एकटीच गेले. कोट अंगात चढवला. नुसत्या पांढऱ्या टाक्यांवर उभा होता, बाह्या टाचण्यांनी अडकवलेल्या, पण आरशात मी मलाच ओळखू येईना. हुसेनभाई तोंडात टाचण्या धरून मागं खांदा बसवत होते. तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला आणि त्यांची बायको बाहेर आली. तिला आम्ही बडी अम्मा म्हणत असू. हातात चहाची किटली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, किटली खाली ठेवली, सरळ माझ्याजवळ आली आणि खांद्यावर तोंड टेकलं. मला वाटलं, मला जवळ घेते आहे. मग कळलं की ती कापडाचा वास घेत होती.

"जी, ये अपने महबूब की है," ती म्हणाली.

"मापाला उबी हाय ती," हुसेनभाई म्हणाले. "तू अंदर जा."

ती गेली. जाताना किटली तिथंच विसरली. हुसेनभाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करत डबीत टाकल्या आणि मग बोलले. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. धाकट्या मुलाची, महबूबची शेरवानी. निकाहाला म्हणून शिवली होती. त्या साली तो सोलापूरच्या वाटेनं गेला तो आलाच नाही. चार दिवस घर सोडून सगळे दर्ग्यात जाऊन बसले होते. परत आले तेव्हा दार उघडं होतं आणि खुंटी रिकामी होती.

"मग तुमी कापली कशापायी?" मी विचारलं.

"तुझ्या आईनं सांगितलं, घरातली हाय म्हनून. मी न्हाई म्हनलो आसतो तर मग कुणाची, ते बी सांगावं लागलं आसतं. आन् दुसऱ्याकडं गेली आसती तर त्यानं वाट लावली आसती कापडाची." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "येक काम कर. गळ्याचं, घेराचं थोडं कापड उरतंय. तेवडं माज्याकडं ऱ्हाऊ दे. आईला इचार."

आमच्याकडं उरलेलं कापड परत आणायची रीत होती. शिंप्यानं चिंधी न् चिंधी परत द्यायची आणि बायांनी ती घरी येऊन पसरून बघायची. हुसेनभाई ती रीत मोडत नव्हते. ते मागत होते.

मी ज्या वाटेनं घरी आले ती वाट अजून माझ्या पायात आहे. दुपारची वेळ, ऊन कोवळं, कुठल्यातरी घरात ज्वारी कांडायचा आवाज. मला सगळं कळलं होतं. मी लहान नव्हते. घरी जाऊन आईला सांगायचं, की शेरवानी कुणाची आहे ते मला कळलंय, एवढंच काम होतं. पण सांगितलं की कोट गेला. कोट गेला की आई मला पहाटे पाठवणार नाही. आणि गावातल्या वकिलाची मुलगी तंबोरा धरायला टपलेली होती, तिच्याकडं स्वेटर होता. मी हे सगळं घर यायच्या आत मोजून पाहिलं होतं. ते नीट जुळत होतं.

घरात आई आणि काकू हरभऱ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "हुसेनभाई इचारत हुते, उरलेलं कापड ठेवून घिऊ का म्हनून."

"का म्हनून?" आई म्हणाली. "गरम भांडी धरायला चांगलं हाय ते. सगळं घिऊन ये परत."

काकू हसली. "शिंप्यानं देवीच्या पातळातनं बी टोपीपुरतं काढलं न्हाई, तर त्याला झोप लागत न्हाई बघ." दोघी हसल्या. मीही हसले. आज साठ-पासष्ट वर्षांनंतर सगळ्यात जास्त लाज मला त्या हसण्याची वाटते.

कोट आणायला गेले तेव्हा मी दारातूनच म्हणाले, "आईनं कापड परत आणायला सांगितलंय." हुसेनभाई एकदा माझ्याकडं बघून म्हणाले, "अच्छा." मग फळीखालून त्यांनी कातरण काढली, मोठे तुकडे खाली, लहान वर, अशी रचली. भुईवर पडलेले शेवाळी दोरे वेचले आणि तेसुद्धा वर ठेवले. रुमालाला गाठ मारून माझ्या हातात दिलं. बडी अम्मा पडद्याआड होती की नाही, मला माहीत नाही. मी तिकडं बघितलंच नाही.

ती पहाट. काकूनं मला देवीच्या प्रसादाचं हिरवं इरकली पातळ नेसवलं, नऊवारी, कारण गोल साडी नेसून तंबोरा धरायला बसलीस तर उठवायला दोघी लागतील, असं तिचं म्हणणं. वर कोट. उजव्या हातात बांगडी नाही, डाव्या हातात एकच. वेणीत अबोली, तिला वास नसतो म्हणून. मी मांडवात शिरले तेव्हा बायकांच्या बाजूनं कुजबुज उठली. गाणाऱ्या बाईंनी बसता बसता माझी कॉलर दोन बोटांत धरून बघितली. "ये किसने सिया?" असं त्यांनी शिष्येला विचारलं, आणि हैदराबादेतही आता अशी शिलाई बघायला मिळत नाही म्हणाल्या.

मी तंबोरा उभा केला. खांदा उचलला गेला नाही. बाही तारेला लागली नाही. थंडी एवढी की गाणाऱ्या बाईंच्या तोंडातून वाफ निघत होती आणि मला मात्र ऊब होती, पाठीपासून मनगटापर्यंत. तारा लागल्या, स्वर भरला, आणि मी समोर पाहिलं. मागं, चपलांच्या ढिगापाशी, खांबाला धरून हुसेनभाई उभे होते. दर वर्षी ते डोळे मिटून ऐकत. त्या दिवशी डोळे उघडे होते आणि ते गाणाऱ्या बाईंकडं नव्हते, माझ्या तोंडाकडंही नव्हते. ते खांद्याच्या शिवणीकडं बघत होते. दोन तास. मी चारही तारा छेडत राहिले, हात थांबवता येत नव्हता, मान वळवता येत नव्हती. त्या दिवशी काय गायलं गेलं ते मला आठवत नाही. गावातले लोक पुढं कितीतरी वर्षं त्या बैठकीचं नाव काढत आणि मी नुसती मान हलवायची.

अशी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बैठक माझी मलाच ऐकू आली नाही. नात विचारते, आजी, तू एवढं गाणं ऐकलंस, कोण आवडलं? मी कुठलं तरी नाव सांगते. खरं उत्तर असं की तंबोरा लागला की माझ्या खांद्यावर कुणीतरी तोंड टेकतं, आणि मग पुढचं गाणं माझ्यापर्यंत पोचत नाही. डॉक्टर म्हणतात मान आखडते, शेक घ्या. मी शेक घेते.

उत्सव उठल्यावर दोन दिवसांनी आईनं चुलीवरून दूध उतरवलं ते शेवाळी सर्जच्या तुकड्यानं. चौकोनी कापून, कडेनं टाके घालून तिनं भांडं धरायची दोन फडकी केली होती. एकाला कडेला काळं लागलं होतं. मी तिथंच चुलीपुढं बसले आणि सगळं सांगितलं. महबूबचं, बडी अम्माचं, कापड का मागितलं ते. आणि मला आधीच माहीत होतं, हेही सांगितलं.

आईनं दुधाचं भांडं झाकलं. कितीतरी वेळ ती चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिली, विझलं तरी. मग म्हणाली, "बाजारातली न्हवती ते मला ठावं हुतं. कुणाची ते ठावं न्हवतं. त्या साली कुणी कुणाला इचारलंच न्हाई गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन हुसेनभाईंच्या दुकानात गेली. अण्णांना सांगितलं नाही, काकूला तर नाहीच. हातात कोट, घडी केलेला, आणि वर ती दोन फडकी आणि उरलेली कातरण. फडकी तिनं रात्रीतून धुतली होती, पण काळं गेलं नव्हतं. तिनं ते सगळं फळीवर ठेवलं. बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि आमची आई, जी चारचौघींत कुणाला हार जायची नाही, ती एवढंच म्हणाली, "थंडी लई हुती हो, हुसेनभाई."

"व्हय," ते म्हणाले. "लई हुती."

त्यांनी फडक्यांचे टाके नखानं उसवले. मग सगळे तुकडे फळीवर पसरून काठाला काठ लावत गेले, गळ्याचा तुकडा वर, घेराचा खाली. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. मधली सगळी जागा रिकामी राहिली. ते तुकडे त्यांनी आत नेऊन दिले. बाहेर आले आणि कोट उचलून माझ्यापुढं धरला.

"ह्यो घिऊन जा. ह्यो तुज्या मापाचा झालाय बेटी. आता दुसऱ्या कुणाला येनार?"

आईनं नको नको म्हणून पाहिलं. त्यांनी तो माझ्या हातावर टाकला आणि मशीनकडं वळले.

अशा गोष्टीत पुढं त्या मुलीनं तो कोट कधीच अंगाला लावला नाही, असं लिहायची पद्धत आहे. आमच्या घरात दुसरा कोट नव्हता. पुढचे तीन हिवाळे मी तोच घातला. शाळेला जायची वाट हुसेनभाईंच्या दुकानावरून होती. मी आधी आधी पलीकडच्या बोळानं जायची. मग एक दिवस बोळात चिखल होता म्हणून समोरून गेले, आणि त्यानंतर समोरूनच जात राहिले. ते मशीनवरून मान वर करत, खांद्याकडं बघत आणि परत खाली घालत. बडी अम्मा कधी दिसली नाही. एवढ्या-तेवढ्या उन्हापावसानं सर्जचा रंग उतरत गेला आणि शेवाळी होता तो मातकट झाला. मलाही त्याचं फार काही वाटेनासं झालं. माणूस कशालाही सरावतो, हे मी त्या कोटात शिकले.

तिसऱ्या हिवाळ्यात, उत्सवाच्या चार दिवस आधी, त्यांनी मला हाक मारली. "बेटी, बाही आखूड झाली. वाढलीस तू. दे हिकडं." मी दारात उभ्या उभ्या कोट काढून दिला. त्यांनी बाहीची कड उसवली. आत दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. वाढत्या अंगाच्या मुलांचे कपडे शिवताना चांगला शिंपी तेवढं आत ठेवतोच. शिवतानाच, कापड कुणाचं आहे हे माहीत असताना, त्यांनी माझं वाढणं मनात धरलं होतं. त्यांनी ती घडी उलगडली, इस्त्री फिरवली, नवी कड घातली आणि कोट परत दिला.

त्या दोन बोटांना ऊन लागलेलं नव्हतं. सगळा कोट मातकट आणि दोन्ही मनगटांशी पट्टी तेवढी गडद, शेवाळी, नवी कोरी, कुणाच्यातरी निकाहाला शिवावी तशी. चार दिवसांनी मी पुन्हा तंबोरा धरून सगळ्या गावासमोर बसले. हात वर गेला की ती पट्टी वर जायची, खाली आला की खाली. मागं खांबापाशी हुसेनभाई उभे होते. आणि त्या वर्षी त्यांच्या शेजारी, डोक्यावरून चादर घेऊन, बडी अम्माही उभी होती. ती माझ्या हाताकडं बघत होती. मी हात थांबवला नाही.